आईच्या छातीची फिल्म

त्या वर्षी आमच्या पोशीरला घरटी एक डॉक्टर होता. मुंबईच्या दवाखान्यात आईच्या स्तनाचा कॅन्सर कापून काढला होता. रोग आत फुप्फुसात उतरलाय का, म्हणजे बाई पुढं किती टिकेल, ते छातीच्या एक्स-रेवरून ठरणार होतं. फिल्म काढून झाली, पण मोठे डॉक्टर रजेवर. "एक तारखेला घेऊन या, तेव्हा बघतील," म्हणून तिथल्या माणसानं पाकीट आमच्याच हातात दिलं. इथंच घोळ झाला. एवढी मोठी फिल्म घरात असताना तीन आठवडे गप्प कोण बसणार?

वडील मागेच गेले होते, घरात शब्द धाकट्या काकांचा. त्यांनी ओटीवर उभं राहून फिल्म उन्हाला धरली. मधोमध, जरा उजवीकडं कललेली, मुठीएवढी पांढरीफटक गाठ! काकांनी मान हलवली. "हाय रं हाय. डाक्टरनं सगळी नाय काढली."

झालं! आजाऱ्याला भेटायला येणारे लोक फिल्मला भेटायला येऊ लागले. चहा प्यायचे, हात धोतराला पुसायचे नि म्हणायचे, "आण बघू गं ती." आई समोरच बसलेली असायची, तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. मास्तरांनी चष्मा चढवून सहा महिने दिले. शेजारचा टेंपोवाला नेरळच्या दवाखान्यात औषधांची खोकी पोचवायचा, म्हणजे निम्मा डॉक्टरच. त्यानं फिल्म उलट्या बाजूनं धरली आणि गाठ डावीकडं गेली. "आयला, फिरती हाय! फिरती गाठ लय वाईट." त्यानं मुदत तीन महिन्यांवर आणली. मास्तरांना त्याचा राग आला.

आता हसू येतं. तेव्हा मात्र या अडाण्यांच्या निकालात मीच भरडली जात होते. माझा डी.एड.ला नंबर लागला होता, हजर व्हायला जेमतेम दहा दिवस उरले होते. काकांनी फर्मान काढलं, वहिनीच्या डोळ्यांदेखत पोरीवर अक्षता पडल्या पाहिजेत. ती गेली तर वर्षाच्या आत लग्न, नाहीतर तीन वर्षं थांबा, तोवर पोरगी घोडी होणार.

"शिकू द्या तिला, भावजी. डाक्टर काय बोलतो ते तरी ऐका," आई म्हणाली.

काकांनी पाकिटावर टिचकी मारली. "ह्याच्यात छापलंय की, वैनी!"

आई उठून चुलीकडं वळली. मला काकांपेक्षा तिचाच जास्त राग आला, ते अजून मनाला खातं.

काढीव मुहूर्त मिळाला. साजगावच्या कारखान्यात कामाला असलेला मुलगा ठरला. माणूस वाईट नव्हता, पण मला मास्तरीण व्हायचं होतं. मांडवातसुद्धा पाहुणे फिल्म मागत होते. काका ती आहेराच्या टेबलावर ठेवून बसले होते आणि येईल त्याला दाखवत होते.

एक तारखेला आई, काका आणि हिरवा चुडा भरलेली मी मुंबईला गेलो. मोठ्या डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या काचेवर लावली. "फुप्फुसं स्वच्छ आहेत. तीन-तीन महिन्यांनी दाखवत राहा, पण आज तरी काळजीचं काही नाही."

काका पुढं सरसावले. "आनि ही गाठ, सायेब?"

"ही? अहो, हे त्यांचं हृदय. तुमचंही असंच दिसेल."

काकांनी हळूच स्वतःची छाती चाचपली.

बाहेर बाकावर बसल्यावर मला आनंद मावेना आणि संतापही आवरेना. आपण वाचलो याबद्दल आईनं मात्र चकार शब्द काढला नाही. माझा चुडा भरलेला हात धरून तिनं विचारलं, "कालेजात अजून घेतील का गं तुला?"

"नाय घेणार, आई. तारीख गेली."

"मी मरनार म्हनून तुझं लगीन उरकलं, नि आता मरतबी नाय गं मी!" असं म्हणून ती ओक्साबोक्शी रडली. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा ती रडली नव्हती.