मूळ टीसी

कूलरला वाळ्याची नवी ताटी बसवली की त्या ओल्या वासासरशी मला आयटीआयचं ऑफिस आठवतं. मी आणि माझा मित्र, दोघेही कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतले, त्याच्या सायकलवर डबलसीट आलो होतो. इंजिनीअरिंगच्या यादीत शेवटचं नाव त्याचं होतं आणि वेटिंगवर पहिलं माझं. पाचच्या आत मूळ टीसी कॉलेजात द्यायची होती, पण हातची जागा जाऊ नये म्हणून त्याने आधीच आयटीआयला प्रवेश घेतला होता आणि टीसी तिथल्या कपाटात होती. "किल्ली मोठ्या बाबूजवळ आहे, अन् ते लग्नाले गेले. उद्या या," शिपाई म्हणाला. मित्राने हातापाया पडून पाहिलं. चार वाजून गेले तेव्हा तो माझ्याकडे वळला. "तू काहून थांबून राहिला गा? तुही टीसी तर तुह्याजवळ आहे न. जाय, सायकल घेऊन जाय." मी नाही म्हटलं नाही. संध्याकाळी सायकल द्यायला गेलो, तो अजून बसने पोचायचा होता. त्याची आई दारात धावत आली. "झाली न बाप्पा त्याची ॲडमिशन?" पुढे त्याच वीजकेंद्रात तो फिटर झाला, मी इंजिनीअर. रिटायर होईपर्यंत तो मला साहेब म्हणत राहिला आणि मी ओ देत राहिलो.