एकोणीस वेळा एक

पोपट सातव स्वारगेटमागच्या गल्लीत पितळी पाट्या कोरतो. रोज वाघोलीहून जाऊन-येऊन. अक्षर वळणदार, आणि पाटी दोन्ही बाजूंनी सारखी भरली नाही तर त्याला चैन पडत नाही. त्या सवयीनंच घोळ झाला.

सुरुची नावाच्या एका बाईंनी काम दिलं. त्यांचे वडील अनंतराव गणिताचे मास्तर, त्यांच्या पंचाहत्तरीची भेट. मजकूर म्हणजे एक हा आकडा, ओळीनं एकोणीस वेळा. नाव नाही, गाव नाही.

कोरून झाल्यावर उजवीकडं जरा मोकळं दिसायला लागलं. पोपटनं तिथं एकाचा आणखी एक आकडा बसवला.

सुरुचीताईंनी बोट ठेवून मोजलं. "वीस झालेत."

"ताई, एकानं काय बिघडतंय? दिसायला बरं हाय."

"आता याच्या जोड्या लावा. अकरा, अकरा, अकरा. म्हणजे अकरानं भाग गेला. एकोणीस असते तर कशानंच गेला नसता. ती मूळ संख्या आहे."

जोड्यांचं पोपटला पटलं. "मग सतरा घेतले तर? त्याच्याबी जोड्या लागत न्हाईत."

"सतराला जातो. वीस लाखांच्या वरची एक संख्या आहे, तिनं."

"आन् एकोणिसाला का न्हाई?"

"ते बाबांनाच विचारा. पाटी लावायला तुम्हीच या."

नवी पाटी कोरताना पोपट मोजण्यात चुकत राहिला. घरी मोबाइलवर भागाकार करून बघितला, तर एवढे आकडे तो घेईना. प्रेमला, त्याची बायको, म्हणाली, "दाराला लावायला नाव न्हाई का त्यास्नी?"

पोपट पाटी घेऊन गेला, तेव्हा अनंतरावांनी तिच्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "बसा. काही विचारायचंय, असं सुरुची म्हणाली."

पोपटनं एकोणिसाचं विचारलं.

"एकोणिसानंतर तेवीस एकांना भाग जात नाही. त्यानंतर एकदम तीनशे सतरा."

"मधल्या समद्यांना जातो?"

"जातो."

"पन हे ठरवलं कुनी?"

"ठरवलं कुणीच नाही. माणसं तपासत गेली, तसं कळलं. पुढचा कुठं भेटेल, याचा नियम अजून कुणाला सापडलेला नाही."

"म्हंजे तुमालाबी म्हाईत न्हाई?"

"नाही. चहा घेणार ना?"

पोपटनं चहा घेतला. मास्तरांकडं गेल्यावर उलगडेल, असं त्याला वाटलं होतं. आता उलट तेवीस आणि तीनशे सतरा हे दोन आणखी डोक्यात बसले होते. त्यानं पाटी दाराला लावली, सरळ आहे का ते लांबून बघितलं आणि निघाला. तीनशे सतरा एक कोरायचे झाले तर पाटी दारावरून सुरू होऊन जिन्याच्या वळणापर्यंत जाईल, एवढंच त्याला उतरताना नक्की कळत होतं.