हजारांत हरवायचं होतं मला

“आ कर.”

मालकीणबाई एवढंच म्हणायच्या. संध्याकाळी काम सुटलं की आम्ही नऊ जणी वाडीच्या फाटकाशी ओळीने उभ्या राहायचो आणि एकेक करून तोंड उघडायचो. आगाशीजवळच्या त्या वाडीत सुकेळी व्हायची. पिकलेली राजेळी केळी सोलायची, उन्हात वाळवायची, मग केळीच्याच सुक्या पानात बांधायची. सोलताना कुणी एखादं केळं तोंडात टाकलं तर? म्हणून ही तपासणी. मालकीणबाई जवळ येऊन वास घ्यायच्या. “जीभ वर.” करायची. “जा.”

ओळीत माझ्या पुढे आई असायची. चाळिशीची बाई, दोन दाढा पडलेली. पोटच्या मुलीसमोर रोज आ करायची. मी तेवढा वेळ तिच्या टाचांकडे बघत राहायचे.

बारावीची परीक्षा दिली त्या वर्षीच्या मे महिन्यातही मी त्या ओळीत होते. रसायनशास्त्राचा पेपर फार चांगला गेला होता. त्याचा वास मालकीणबाईंना आला नाही.

जूनमध्ये निकाल लागला. पहिला वर्ग. आमच्या पाड्यावरून दहावीच्या पुढेसुद्धा कुणी गेलं नव्हतं. मालकांनी लगेच सत्कार ठेवला. मालक नुसते वाडीचे मालक नव्हते, इथल्या शिक्षण मंडळाचे अध्यक्षही होते. मंडळाने त्याच वर्षी नवं कॉलेज काढलं होतं आणि त्यांना मिरवायला कुणीतरी हवं होतं. शाळेच्या सभागृहात पार गिरीजपासून माणसं आली होती. मला व्यासपीठावर बोलावलं. मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये म्हणाले,

“ही आमच्या वाडीतली. केळं चोरून खाल्लं का म्हणून आमची मंडळी रोज हिचं तोंड तपासायची. केळं काही सापडलं नाही. आता कळलं, पोरगी पुस्तकं खात होती!”

सभागृह हसलं. शिक्षक हसले, एक सोडून. पहिल्या रांगेत मालकीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

मीही हसले.

इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चांगले दात काढून हसले. सगळे हसत होते आणि खांद्यावर मालकांचा हात होता. आई मागे दाराशी उभी होती. तिने मला हसताना पाहिलं. मालकांना मी कधी माफ करणार नाही, पण त्या हसण्याबद्दल स्वतःलाही मी अजून माफ केलेलं नाही.

मग त्यांनी मला दोन वस्तू दिल्या. एक, त्यांच्या कॉलेजचा अर्ज, वर त्यांच्याच अक्षरात ‘फी माफ’ लिहिलेला. दुसरं, सुकेळीचं पुडकं.

“घे. आता उघड खा.”

परत हशा.

घरी आल्यावर आईने पुडकं सोडलं. अठरा वर्षं ती सुकेळी करत होती, एकही चाखली नव्हती. मला वाटलं, खाईल. तिने एकदा हुंगलं, उठली आणि सगळं शेळीपुढे टाकलं. शेळीने पानासकट फस्त केलं.

“खाऊ दे तिला,” आई म्हणाली. “तिचं तोंड कोन बगनार नाय.”

न हसलेले शिक्षक म्हणजे आमचे गणिताचे सर. नंदाखाल गावचे. दोन दिवसांनी ते सायकल मारत पाड्यावर आले आणि मुंबईच्या सरकारी कॉलेजचा अर्ज माझ्या हातात दिला. फी माफ व्हायला तहसीलदाराचा दाखला पुरे, राहायला मुलींचं सरकारी वसतिगृह आहे, म्हणाले. सर सरळ माणूस. गोड बोलून फसवणाऱ्यातले नव्हते.

“एकेका वर्गात दीडशे मुलं असतात,” ते म्हणाले. “तुझ्याकडे कुणी लक्ष देणार नाही. तू कोणाची कोण, कुणी विचारणार नाही. मार्कशीट आणि दाखला दाखवायचा, बस. नीट विचार कर.”

“तेच पायजे, सर,” मी म्हटलं.

विचार करायला होतंच काय? मालकांचं कॉलेज लहान, घरच्यासारखं, असं सगळा गाव सांगत होता. घरच्यासारखं म्हणजे कसं, ते मला चांगलं ठाऊक होतं. तिथे मी तीन वर्षं रोज ‘मालकांची मुलगी’ म्हणून शिकले असते. मिंधी. पास झाले तर त्यांची कृपा, नापास झाले तर माझी जात. आणि दर वर्षी एक सत्कार.

मी त्यांचा अर्ज परत द्यायला गेले. आईही आली. ओटीवर चढायची आम्हाला सोय नव्हती, पायरीखालीच उभ्या राहिलो. मालक झोपाळ्यावर होते. अर्ज न भरलेला पाहून आणि मी मुंबईचं सांगितल्यावर त्यांना आधी हसू आलं.

“मुंबईला? अगं, तिथे हजारांत हरवशील. इथे सगळे ओळखतात तुला.”

“म्हणूनच जाते,” मी म्हटलं.

झोपाळा थांबला. मालक माझ्याशी बोललेच नाहीत. आईकडे बघून म्हणाले, “मग उद्यापासून तूही वाडीत पाऊल टाकायचं नाही.”

आमची चूल त्या वाडीवर चालत होती. मी अर्ज मागे घ्यायला हातसुद्धा पुढे केला. आईने तो हात धरला.

“नाय टाकत,” ती मालकांना म्हणाली. “आता भाताच्या लावनीला जाईन, दिवाळीनंतर मिठागरात. चल गं.”

मी मुंबईला गेले आणि आई मिठागरात गेली. हे एकाच वाक्यात लिहायला हवं, कारण ते एकाच वेळी घडलं.

कॉलेजात मी खरोखरच हरवले. हजेरीत माझा नंबर एकशे सत्तेचाळीस. पहिल्या सहामाहीत इंग्रजीपायी दोन विषयांत नापास झाले, जिन्यात बसून रडले. शंभर पोरं बाजूने गेली, कुणी थांबलं नाही. ते लागलं, खोटं का बोलू? पण नापास झाले ती मी एकटीच झाले, पाड्याचं नाव कुणी काढलं नाही. ग्रंथालयातला माणूस कार्ड बघायचा आणि पुस्तक द्यायचा, माझ्या तोंडाकडे मान वर करूनसुद्धा बघायचा नाही. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही आणि त्याला ते माहीतही नाही. वसतिगृहात रविवारी जेवणानंतर केळी ठेवायचे. एकदा मी दोन उचलली, सगळ्यांच्या देखत खाल्ली आणि तोंड न पुसता वर्गमैत्रिणींशी बोलत बसले.

आज मी त्याच कॉलेजात शिकवते. माझ्यासमोर दीडशे मुलं असतात. कुणाचा बाप कोण, मी विचारत नाही.

गेल्या आठवड्यात मालकांचा मुलगा येऊन गेला. त्यांच्या कॉलेजला दहा वर्षं झाली, मोठा समारंभ आहे, प्रमुख पाहुणी मी. पत्रिकेवर माझ्या नावाखाली छापलंय, ‘आमच्याच वाडीत वाढलेली’. वाडीत वाढलेली! मी कार्ड आईला वाचून दाखवलं. मिठाने तिच्या पायांच्या भेगा आता भरत नाहीत, ती तेल चोळत बसली होती.

“जातंस?” तिने विचारलं.

“जाते. आपल्या ओळीतल्या बायांची नावं सांग.”

तिने बोटांवर मोजून सांगितली. पारू, जिवी, सोमी, चांगुणा, बाये, मंजुळा, लक्षी. आठवं तिचं स्वतःचं, ते सांगताना ती थोडी लाजली. मालकांना यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं, अजूनही नसेल.

मी कागदावर उतरवून घेतली आहेत. रविवारी मी लवकर जाणार आहे. पहिल्या रांगेत, मालकीणबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवणार आहे. तिथे आई बसेल. मग माईक माझ्या हातात येईल. मालकांना हार घालणार नाही, त्यांचा हार घेणार नाही. फाटकाशी काय चालायचं ते पहिल्यापासून सांगणार आहे, त्या आठ जणींच्या आणि मालक-मालकीणबाईंच्या नावानिशी. त्या दिवशी सभागृह हसलं होतं. या वेळी कोण हसतं, ते मला वरून बघायचं आहे.