वंदनाताईंची करकरणारी खुर्ची

बातमी आली तेव्हा मी जऊळक्याला माहेरी होते. ऑफिसमधल्या रेखाचा फोन. "मनीषाताई, आपल्या वंदनाताई गेल्या वो..." एवढंच बोलली आणि रडायला लागली. आजार कळल्यापासून मनाची तयारी केली होती, पण अशी तयारी कधी होते का? आईनं पाण्याचा पेला हातात दिला, तो तसाच धरून बसले.

वंदनाताई वाशिमजवळच्या रिठदच्या. पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्यांनी वाशिमला सॉफ्टवेअरचं ऑफिस थाटलं, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. आमच्या धंद्यात एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढे जात नाही. याला कोड रिव्ह्यू म्हणतात, आणि भल्याभल्यांचं तिथेच वाजतं. "हे काय लिहिलंय?" असा शेरा सगळ्यांच्या स्क्रीनवर उमटला की माणूस दिवसभर आतल्या आत जळतो. पुण्यात ताईंनी ते पुष्कळ सोसलं होतं. म्हणून आमच्याकडे पद्धतच अशी, की शेरा लिहिण्याआधी तपासणाऱ्यानं खुर्ची ओढत लिहिणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसायचं आणि विचारायचं, "हे असं काहून केलं?" उत्तर पूर्ण ऐकायचं. मग बोलायचं, तेही कोडबद्दल, माणसाबद्दल नाही. आणि ताईंचा स्वतःचा कोड तपासायचा मान ऑफिसातल्या सर्वांत नव्या माणसाचा.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. सोयाबीनच्या वजनाचा ताईंचा प्रोग्राम दुसऱ्या दिवशी खरेदी केंद्रावर सुरू व्हायचा होता. वाचता वाचता मी एका ओळीशी थांबले. ओलाव्यापोटी वजनातली कपात दोनदा होत होती, एकदा काट्यावर आणि पुन्हा पावतीवर. प्रत्येक शेतकऱ्याचं वजन कमी लागलं असतं, आणि आमच्यावर परत कोणी विश्वास ठेवला नसता. पण ताईंना सांगायचं कसं? खुर्ची ओढली आणि चाचरत म्हटलं, "ताई, म्हणजे... सवड झाली तर कपात एकदा पाहून घेता का?"

त्या हसल्या. "इतकं गोड बोलशीन त मले समजन कसं? माणसाले जप, चुकीले नोको जपू. कोठी हाय ते दाखव."

मी ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ती वाचली आणि तिथूनच केंद्रावर फोन लावला. "उद्या नाही जमत साहेब. चूक माही होती, आमच्या मनीषानं पकडली." पलीकडचा चिडलेला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. ताईंच्या आवाजात मात्र ओशाळलेपण नव्हतं, कौतुक होतं. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

आता पुण्याच्या टीमसोबत काम करताना तिकडची मंडळी विचारतात, तुमच्यात भांडणं कशी होत नाहीत? मी छाती फुगवून ताईंचं नाव सांगते.

ताई गेल्यावर त्यांच्या निळ्या खुर्चीवर कोणी बसत नव्हतं. तिचं एक चाक करकरतं. परवा मी केंद्रासाठी नवा कोड लिहिला. तपासायची पाळी रेखाची, ती आमच्यातली सर्वांत नवी. लेकरं शाळेत जायला लागल्यावर शिकून इंझोरीहून रोज येते. करकर ऐकू आली म्हणून मान वळवली, तर ती ताईंचीच खुर्ची ओढत माझ्या शेजारी आलेली.

"मनीषाताई, हे असं काहून केलं?" तिनं विचारलं. माझं उत्तर पूर्ण ऐकून घेतलं, आणि चाचरली नाही, बोट नेमकं ओळीवर ठेवलं.

चूक होती. मी केंद्रावर फोन लावला.

"आज नाही जमत साहेब," मी म्हटलं. "चूक माही होती, आमच्या रेखानं पकडली."