मोबाइलवर येणारे प्रश्न

साकोलीच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायला लागले, तेव्हा तास संपला की चार-पाच मुलं टेबलाभोवती गोळा व्हायची. पुढे प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला आणि ते थांबलं. मोबाइलवर बहुतेकांची एकच मागणी असायची, "मॅडम, नोट्स पाठवा ना."

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचे मेसेज मात्र वेगळे असत. ती जवळच्या खेड्यातून एसटीने यायची, मागच्या बाकावर बसायची. वर्गात तिचा आवाज कधी ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. पण सकाळी मी भंडाऱ्याहून बसमध्ये बसले की तिचा प्रश्न येई. 'आमच्याकडचे तलाव मालगुजार जमीनदारांनी बांधले असं पुस्तकात आहे. मग ज्यांनी माती वाहिली, त्यांची नावं कुठे सापडतील?'

हे सगळ्या वर्गाने ऐकायला हवं, असं मला वाटे. ती गप्प राहते याची हळूहळू चिडच यायला लागली. एकदा भर वर्गात म्हणाले, "मोबाइलवर विचारतेस ते उभं राहून विचार." ती उभी राहिली. ओठ हलले, आवाज निघाला नाही. मागे कुणीतरी हसलं. त्यानंतर दोन दिवस ती आली नाही, मेसेजही नाही. मी सारखी फोन उघडून पाहत होते.

तिसऱ्या दिवशी ती बसस्टँडवर दिसली.

"माझा राग आला का गं?"

ती चपलेने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, पहिल्या वर्षी मी तुमाले म्हटलं होतं, मले समजलं नाही. तुम्ही म्हणाल्या, मले नाही, मला म्हणायचं. सारे हासले. माहा प्रश्न तसाच राहिला."

मला काहीच आठवेना. भंडाऱ्याजवळ वरठीला आमच्या घरी आई आजही मले-तुलेच बोलते. नागपूरला शिकताना मी ते जिभेवरून घासून काढलं होतं. सवयीने टोकलं असणार.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी घरच्या बोलीत विचारलं, "तुमच्या गावचा तलाव कोनं खोदला? तुमाले काय मालूम हाय?" पोरं हसली, मग एकेक जण सांगू लागला. ती त्या दिवशीही बोलली नाही. पण तिसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी तिने गावातल्या म्हाताऱ्यांच्या तलावाविषयीच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या, आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांना अडखळत का होईना, आपल्याच बोलीत उत्तरं दिली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला मानेनेच 'पुढे बोल' असं खुणावलं.

आता ती नागपूरला एम.ए. करते. मी फोन केला तर उचलत नाही. थोड्या वेळाने लिहिते, 'काय काम होतं मॅडम?' तिथल्या वर्गात बोलतेस का, हे विचारायला मला अजून धीर झालेला नाही.