मोरूदादांचा फुकटचा खजिना

मोरूदादा पहिल्यांदा माझ्याकडे आले ते इंग्रजी पत्र लिहून घ्यायला. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात ते पत्रा ठोकायचा प्रेस चालवायचे, मी, वैद्य, ड्रॉइंग ऑफिसात होतो. परदेशी जाणाऱ्या बोटीवर नोकरीला असलेल्या भाच्याने त्यांना एक कॅसेट आणून दिली होती. वीस वर्षं एकत्र वाजवणाऱ्या एका परदेशी रॉक बँडचा तो कार्यक्रम, प्रेक्षकांतल्याच कुणीतरी बँडच्या परवानगीने टेप केलेला. आत त्या टेप करणाऱ्याचा पत्ता होता.

"लिव वैद्य, मी ठान्याचा कोली. तुमचा बाजा मना लय आवारला. आनखी हाय का?"

दोन महिन्यांनी पुडकं आलं. चार कॅसेट आणि एक चिठ्ठी : मागेल त्याला कॉपी करून द्या, विकू मात्र नका. मोरूदादांनी ती चिठ्ठी देव्हाऱ्याशेजारी चिकटवली. मग दर रविवारी कोळीवाड्यातल्या त्यांच्या घरी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर बसू लागले. डोंबिवली, कल्याण, मोहने, कुठूनही मुलं यायची, कोरी कॅसेट ठेवून जायची. स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने सगळा साठा विकत मागितला, तेव्हा दादांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "मना फुकट मिललं, फुकटच जानार. तुला आयकाचं तर कोरी कॅसेट घेऊन ये."

प्रेसच्या धडधडीने त्यांचे कान गेले. आधी डावा, मग उजवा. डॉक्टरांनी हात टेकले. वहिनी म्हणाल्या, "आता हे बंद करा. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" दादा टेपसमोर जाऊन बसले. एका हाताचा पंजा स्पीकरवर, नजर आवाज दाखवणाऱ्या काट्यावर. काटा पडला की ते मला विचारत, "पट्टी अरकली का गानं सपलं?"

मला ते संगीत कधीच आवडलं नव्हतं. पण कॉपी नीट आली की नाही हे सांगायला कुणीतरी हवं होतं, म्हणून दर रविवारी डोंबिवलीहून जाऊन मी ऐकू लागलो. दादा माझ्या ओठांवरून शब्द ओळखत. "चांगलं आलंय" एवढ्यावर त्यांचं भागत नसे. "चांगलं म्हंजे कसं? गिटार कुठं शिरली? लोक काय करतान?" त्यांना सांगता यावं म्हणून मला नीट ऐकावं लागलं. अशी चार-पाच वर्षं गेली. एकही रविवार त्यांनी चुकवला नाही, मलाही चुकवू दिला नाही.

ते गेले त्याच्या आदल्या रविवारी नवी टेप आली होती. एक गाणं संपतच नव्हतं. गिटार थांबल्यासारखी व्हायची, गर्दी ओरडायची, ती पुन्हा वर चढायची. दादांनी विचारायच्या आतच मी बोलू लागलो. बोलता बोलता कधी हातवारे करायला लागलो, मलाच कळलं नाही.

दादांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जरा हलू सांग रं," ते म्हणाले, "आयकतोय मी."