आधी उजेडात ये

डाव्या हाताने तेलाची वाटी मागे सरकवायची, उजव्या हाताने समोरच्याचं मनगट धरायचं आणि त्याला दारापाशी न्यायचं. "तेल नंतर. आधी उजेडात ये." मालिशवाल्याकडे अशी सुरुवात होते का, तुम्हीच सांगा. बल्लारपुरात सगळे त्यांना चाचा म्हणत आणि चाचांकडे ती अशीच व्हायची.

नव्वदच्या दशकात मी सरकारी कुष्ठरोग पथकात कामाला होतो. सायकलवर फिरायचं, लोकांना सदरे काढायला लावायचे, चट्टे शोधायचे. मी दिसलो की माणसं मागच्या दाराने निघून जात. चाचांकडे तीच माणसं आपणहून सदरा काढून बसत. मला त्यांचा थोडा हेवाच वाटायचा.

ऊन उतरलं की चाचांची मालिश बंद. हिवाळ्यात कागद कारखान्यातले कामगार कंबर धरून येईपर्यंत सूर्य बुडालेला असायचा. कोणी म्हणायचं, "चाचा, बल्ब आहे ना." चाचा वाटी झाकून ठेवत. "बल्बात चामडी खोटं बोलते. उद्या सकाळी ये." माणूस कण्हत, पुटपुटत जायचा आणि सकाळी हजर व्हायचा, कारण त्यांच्यासारखा हात गावात दुसरा नव्हता.

एका ट्रकवाल्याने कमरेवरचा नायटा लुंगीखाली दडवला होता. चाचांनी लुंगीची गाठ दोन बोटं खाली सारली आणि हात मागे घेतला. "हा आज तुया कमरेवर आहे. मी चोळला तं उद्या माया हातावर, परवा तुया मागून येनाऱ्याच्या पाठीवर. मलम लाव. सुकला का ये." गळू असो, खरूज असो, भाजलेलं असो, त्यांचं उत्तर ठरलेलं.

एका ठेकेदाराने आपल्या आईला रिक्षातून आणलं. पिंढरी लालभडक, सुजलेली, तापलेली. चाचांनी हाताची पाठ जवळ नेली, टेकवलीसुद्धा नाही. "हे मालिशचं काम नाई, भाऊ. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या." ठेकेदार भडकला, तुझं दुकान उठवतो म्हणाला. चाचा उठून रिक्षा वळवायला लागले. दवाखान्यातून म्हातारी बरी होऊन आली. ठेकेदाराने आभार मानले नाहीत, पण पुढे स्वतःची मान दुखली तेव्हा गुपचूप येऊन उजेडात उभा राहिला.

आमची ओळख झाली ती एका कामगारामुळे. त्याचं मनगट धरून चाचा आमच्या कचेरीत आले. "याच्या पाठीवर फिक्कट डाग आहे. मी तिथी चिमटा घेतला, याले समजलंच नाई. काऊन?" त्यांची शंका खरी निघाली. कुष्ठरोगाची सुरुवात होती, वेळेत गोळ्या मिळाल्या आणि माणूस धडधाकट राहिला. मी चाचांना तपासायची रीत शिकवली. डोळे मिटायला सांगायचं, पिसाने हलकेच स्पर्श करायचा आणि जिथे लागलं तिथे बोट ठेवायला सांगायचं.

झालं. चाचांनी कोंबडीचं पीस दाराच्या चौकटीत खोचलं आणि जो दिसेल त्याला माझ्याकडे धाडायला सुरुवात केली. एका आठवड्यात आले ते सगळे शिब्याचे, म्हणजे साध्या बुरशीच्या फिक्या डागांचे. मी वैतागून गेलो. "चाचा, अहो हे नुसतं शिबं आहे. पीस लावलं होतं का?" ते ओशाळले. "लावलं होतं. समजत होतं त्यायले. पन म्हटलं, तू एकडाव पाहून घे." पुढे त्यांची नजर अशी बसली की त्यांनी पाठवलेला माणूस सहसा रिकामा परत गेला नाही. कोणी रडायला लागला तर ते दटावत, "लाजाले काय झालं? चोरी केली का? गोळ्या खा."

मग एका सकाळी चाचा एकटेच माझ्या खोलीवर आले. चहा नको म्हणाले. स्वतःच दारात जाऊन उभे राहिले. "आज तू मले पाहा."

उजव्या करंगळीवर मोठा फोड होता. शेगडीवरची तेलाची वाटी उचलताना बोट भाजलं होतं आणि ते त्यांना गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. मी त्यांना डोळे मिटायला लावले. करंगळीला पीस लावलं, शेजारच्या बोटाला लावलं. चाचा डाव्या हाताचं बोट उचलून वाट पाहत राहिले. "लाव ना, भाऊ," ते म्हणाले. माझं दोनदा लावून झालं होतं.

चट्टा कोपराच्या मागे होता. साऱ्या गावाच्या पाठी पाहणाऱ्याला आपला कोपर कधी दिसला नाही. आणि मी? त्यांच्यासमोर बसून किती चहा प्यालो असेन. मला स्वतःची चीड आली, ती अजून गेलेली नाही.

मी म्हणालो, "गोळ्या सुरू केल्या की तुमच्यापासून कोणाला काही होत नाही. काम सोडायची गरज नाही."

"ते मले माहीत आहे. मीच सांगतो ना लोकायले. बोटायले समज येईन का, ते सांग."

मला खोटं बोलवलं नाही. येईलच असं नाही, म्हणालो.

"मंग मालिश बंद. तापलेलं अंग ज्या हाताले समजत नाई, त्यानं कोनाले हात लावू नये."

त्याच दिवशी दारात बसून त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी म्हटलं, इतकं सांगायची काय गरज? तर म्हणाले, "बाकीच्यायले म्हनलो लाजू नका. आता मी लपू?" काही माणसं यायची थांबली, काही पुन्हा आली. चाचांनी गोळ्यांचा एक दिवस चुकवला नाही. औषधाने कातडी काळवंडली तेव्हा म्हणाले, "आता मी उजेडात बी अंधारच दिसतो." मालिश त्यांचा थोरला मुलगा करू लागला. लेकराबाळांचा बाप होता, पण चाचांनी गिऱ्हाइकाला पाहून मान हलवल्याशिवाय त्याला वाटी उचलायची परवानगी नव्हती. करंगळीला समज आली नाही.

पुढे माझी धानोऱ्याला बदली झाली. काही वर्षांनी बल्लारपूरला उतरलो तेव्हा कळलं, चाचा आदल्या उन्हाळ्यात गेले. सायकलने माझ्या कमरेचं वाटोळं केलं होतंच. मी त्यांच्या दारात गेलो, सदरा काढून चटईवर बसलो. मुलाने वाटी मागे सरकवली.

"साहेब, आधी उजेडात या."

"अरे, मी याच खात्यातला माणूस."

"अब्बा म्हनत, पाहनाऱ्याले पाहनारं कोनी नसते."

त्याने चौकटीतलं पीस काढलं. माझे कोपर पाहिले, पाठ पाहिली. मी डोळे मिटले. करंगळीला काहीतरी हलकं लागलं. मी तिथे बोट ठेवलं, पण डोळे लगेच उघडवले नाहीत.

"बरोबर," तो म्हणाला आणि त्याने तेलाची वाटी पुढे ओढली.